कंपायलरचे फ्लॅग आणि तुमचा प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे मुख्यतः लिनक्सवरच्या जीसीसी आणि क्लँग या कंपायलरबद्दल (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम, म्हणजे बायनरी, बनवणारी साधनं), त्यांना द्यायच्या सूचनांबद्दल म्हणजे फ्लॅगबद्दल, आणि एक्स८६-६४ म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरबद्दल लिहिलं आहे. एआरएमसाठी वेगळा प्रश्न पुढे आहे. फ्लॅग आणि कमांड वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर मात्र ते रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाइप करायचे.

घाईत आहे. एका ओळीत सांगा, कोणते फ्लॅग लावू?

प्रोग्राम ज्या मशीनवर बिल्ड करणार त्याच मशीनवर चालवणार असाल, तर -ओ२ -मार्च=नेटिव्ह. (-ओ मागचा आकडा सांगतो की कोड वेगवान करायला, म्हणजे ऑप्टिमायझेशनला, कंपायलरने किती खटपट करायची; -ओ० म्हणजे अजिबात नाही.) तो दुसऱ्या कुणाला देणार असाल, तर -ओ२ आणि -मार्च अजिबात नको. मशीन दहा-वीस असतील आणि सगळी तुमच्या ताब्यातली असतील, तर त्यातली सर्वांत जुनी कोणती ते बघा आणि तिला झेपेल ती पातळी (व्ही१ ते व्ही४, पुढे सांगितल्या आहेत) लावा.

लोक सहसा "माझा प्रोसेसर अमुक आहे, फ्लॅग कोणता?" असं विचारतात. त्याआधी विचारायला हवं की बायनरी चालणार कुठे. बिल्ड नव्या लॅपटॉपवर आणि वापर ऑफिसमधल्या दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर, असं असेल तर लॅपटॉपच्या प्रोसेसरचं नाव काहीच कामाचं नाही.

-मार्च आणि -एमट्यून यांत फरक काय?

-मार्च सांगतो की कोणत्या इन्स्ट्रक्शन वापरायची परवानगी आहे. -एमट्यून सांगतो की परवानगी असलेल्या इन्स्ट्रक्शन कोणत्या प्रोसेसरला सोयीच्या पडतील अशा निवडा आणि मांडा. पहिला चुकला तर प्रोग्राम कोसळतो. दुसरा चुकला तर फार तर थोडा हळू चालतो.

-मार्च=हॅसवेल (हॅसवेल ही इंटेल प्रोसेसरची एक पिढी) लिहिलं की ट्यूनिंगही आपोआप हॅसवेलसाठी होतं. पण -मार्च=एक्स८६-६४-व्ही३ लिहिलं तर ट्यूनिंग 'जेनेरिक' राहतं, कारण व्ही३ हा काही एखादा प्रोसेसर नाही. म्हणूनच -एमट्यून=एक्स८६-६४-व्ही३ असं लिहिलं तर कंपायलर एररच देतो.

जुन्या ट्युटोरियलमध्ये -एमसीपीयू दिसतो. एक्स८६ वर तो -एमट्यूनचंच जुनं नाव आहे आणि आता वापरू नये असं जीसीसी स्वतः सांगतं. एआरएमवर मात्र त्याचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

व्ही१, व्ही२, व्ही३, व्ही४ या पातळ्या काय आहेत? माझी मशीन कुठे बसते?

प्रोसेसरच्या शेकडो मॉडेलांची नावं पाठ करण्यापेक्षा चार पायऱ्या ठरवाव्यात, म्हणून २०२० मध्ये या पातळ्या आखल्या गेल्या. जीसीसी ११ आणि एलएलव्हीएम १२ (क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रकल्प) पासून त्या थेट -मार्चमध्ये चालतात.

पहिली पातळी म्हणजे मूळ एक्स८६-६४, फक्त एसएसई२ पर्यंत. (एसएसई आणि एव्हीएक्स हे एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचे संच.) कोणताही ६४ बिट पीसी ती चालवतो. व्ही२ मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट येतात. व्ही३ मध्ये एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय१, बीएमआय२ असा मोठा गठ्ठा येतो, आणि आकडेमोडीतला खरा फरक बहुतेक वेळा इथेच दिसतो. व्ही४ म्हणजे एव्हीएक्स-५१२ च्या पाच मुख्य शाखा.

आपल्याकडे कामाची माहिती ही की लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या रिफर्बिश्ड ऑफिस पीसींमध्ये आय५-३४७० आणि आय५-४५७० शेजारी शेजारी ठेवलेले असतात. पहिला आयव्ही ब्रिज, म्हणजे एव्हीएक्स आहे पण एव्हीएक्स२ आणि एफएमए नाही. तो व्ही२ वरच थांबतो. दुसरा हॅसवेल, म्हणजे पूर्ण व्ही३. दिसायला सारखीच खोकी, किमतीत थोडासाच फरक, पण कंपायलरच्या नजरेने मधे एक अख्खी पायरी आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला किमान व्ही२ लागतं आणि १० ला व्ही३. म्हणजे आय५-३४७० वर १० चालणारच नाही. अल्मालिनक्सने १० साठी व्ही२ ची वेगळी आवृत्ती ठेवली आहे, ती अशा मशीनच्या कामी येते.

स्वस्त लॅपटॉपमध्येही हेच. सेलेरॉन एन४०२० मध्ये एव्हीएक्स नाही, तो व्ही२. त्यानंतरचा एन१०० हा व्ही३.

पातळी ओळखायचा सोपा मार्ग: ग्लिबसी (बहुतेक लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) २.३३ किंवा त्यापुढची असेल तर /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --हेल्प चालवा. आउटपुटच्या शेवटाकडे प्रत्येक पातळीपुढे 'सपोर्टेड' लिहिलंय की नाही ते दिसतं. एलएससीपीयू या प्रोसेसरची माहिती छापणाऱ्या कमांडच्या लांबलचक यादीत शोधायचं असेल तर एक लक्षात ठेवा: तिथे एसएसई३ हे 'पीएनआय' नावाने येतं आणि एलझेडसीएनटी 'एबीएम' नावाने. नाव सापडलं नाही म्हणून सुविधा नाही असं ठरवू नका.

'नेटिव्ह' नेमकं करतं काय? त्यापेक्षा प्रोसेसरचं नाव लिहिलेलं बरं नाही का?

नेटिव्ह लिहिलं की जीसीसी बिल्ड चालू असताना सीपीयूआयडी ही इन्स्ट्रक्शन वापरून प्रोसेसरला विचारतं आणि उत्तरावरून पुरी फ्लॅगची माळ तयार करतं. ती बघायची असेल तर जीसीसी -मार्च=नेटिव्ह -क्यू --हेल्प=टार्गेट अशी कमांड द्या. कोणता एक्स्टेन्शन 'एनेबल्ड' आणि कोणता 'डिसेबल्ड', सगळं छापून येतं.

नाव हाताने लिहिण्यात एक नेहमीचा खड्डा आहे. पेंटियम गोल्ड जी६४०० घ्या. आतला कोअर स्कायलेकच्याच घराण्यातला, म्हणून कुणी -मार्च=स्कायलेक लिहितो. पण इंटेलने त्या काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स बंद ठेवलं होतं. बिल्ड सुरळीत होतो, आणि चालवताना पहिल्याच एव्हीएक्स इन्स्ट्रक्शनवर प्रोग्राम मरतो. नेटिव्ह मात्र प्रोसेसरलाच विचारत असल्यामुळे त्याने एव्हीएक्स काढून टाकलेलं असतं.

कंपायलर प्रोसेसरपेक्षा जुना असेल तर हाच फरक उलट्या बाजूने दिसतो. एएमडीच्या झेन ५ या पिढीसाठीचं झेडएनव्हर५ हे नाव जीसीसी १४ मध्ये आलं. जीसीसी ११ ला ते दिलंत तर एरर येईल. नेटिव्ह दिलंत तर त्याला जेवढं कळतं तेवढं वापरून ते गप्प काम करेल. ट्यूनिंग तेवढं झेन ५ चं नसेल. नवी मशीन घेतली असेल तर फ्लॅगच्या आधी कंपायलर अपडेट करा.

प्रोग्राम चालू केला आणि 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडला. आता?

नव्वद टक्के शक्यता हीच की बायनरी ज्या प्रोसेसरसाठी बनली, तो हा नव्हे. शेलमध्ये एक्झिट कोड १३२ दिसेल, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक ४. डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये 'ट्रॅप इनव्हॅलिड ऑपकोड' अशी ओळ सापडेल.

खात्री करायची तर जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम चालवा आणि तो थांबला की एक्स/आय $पीसी द्या. ज्या इन्स्ट्रक्शनवर घोडं अडलं ती समोर येते. नाव 'व्ही' ने सुरू होत असेल आणि शेजारी वायएमएम रजिस्टर असेल, तर एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स२. झेडएमएम दिसलं तर एव्हीएक्स-५१२. 'व्हीएफएमॲड' असं काही दिसलं तर एफएमए. कुठल्या लायब्ररीतल्या कुठल्या फंक्शनमध्ये हे घडलं ते बॅकट्रेसमध्ये कळतं, आणि बरेचदा तुमचा कोड निर्दोष निघतो. तुम्ही लिंक केलेली एखादी .एसओ फाइल (शेअर्ड लायब्ररी) दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नेटिव्ह लावून बनलेली असते.

कधीकधी 'यूडी२' ही इन्स्ट्रक्शन दिसते. तिचा प्रोसेसरच्या पातळीशी संबंध नाही. इथे पोहोचणं शक्यच नाही, असं कंपायलरने गृहीत धरून ती मुद्दाम पेरलेली असते. तिथे कोडमधलं अनडिफाइंड बिहेविअर, म्हणजे भाषेच्या नियमांत ज्याचा परिणाम ठरलेलाच नाही असं काही, शोधा.

-ओ३ हे -ओ२ पेक्षा वेगवान असणारच ना?

नाही. -ओ३ मध्ये फंक्शन जास्त सढळ हाताने इनलाइन होतात, लूप फोडले जातात, फंक्शनच्या खास प्रती बनतात. घट्ट लूपमध्ये आकडे दळणाऱ्या कोडला त्याचा फायदा होतो. पण कोड फुगतो, आणि बहुतेक प्रोसेसरमध्ये पहिल्या पातळीचा इन्स्ट्रक्शन कॅश ३२ केबी किंवा त्याच्या आसपासच असतो. इंटरप्रिटर, पार्सर, डेटाबेस, हजार फाटे फुटणारा कोड: इथे -ओ३ कधी काहीच देत नाही, तर कधी उलटा हळू चालतो.

त्यातून जीसीसी १२ पासून -ओ२ मध्येच लूपचं व्हेक्टरायझेशन (लूपच्या अनेक फेऱ्या एसएसई-एव्हीएक्सने एकदम करणं) चालू झालं, जरी फार जपून. क्लँग तर -ओ२ ला आधीपासूनच व्हेक्टराइझ करतं. त्यामुळे दोन्हीतलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही. आख्ख्या प्रोजेक्टला -ओ२ ठेवा आणि प्रोफाइलमध्ये तापलेल्या दोन-चार फाइलींनाच -ओ३ द्या, हे मला तरी सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

"-ओ३ ने माझा प्रोग्राम बिघडला" ही तक्रार बहुतेकदा कोडवर उलटते. एका प्रकारच्या पॉइंटरने दुसऱ्या प्रकारचा डेटा वाचणं, साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लोवर विसंबणं, हे -ओ० ला खपून जातं. -एफसॅनिटाइझ=अनडिफाइंड लावून एकदा चालवा; ओव्हरफ्लोसारख्या चुकांवर तो बोट ठेवून दाखवतो, पॉइंटरच्या प्रकाराची चूक मात्र पकडत नाही. लिनक्स कर्नलसुद्धा -एफनो-स्ट्रिक्ट-अलायझिंग लावूनच बिल्ड होतो, तेव्हा जुन्या कोडसाठी तो फ्लॅग लावण्यात कमीपणा नाही.

-एफफास्ट-मॅथ लावू का? बेंचमार्कमध्ये चांगला फरक दिसला.

तो एक फ्लॅग नाही, अनेक फ्लॅगचं गाठोडं आहे, आणि त्यातले काही निरुपद्रवी तर काही घातक आहेत. -एफनो-मॅथ-एर्नो बहुतेकांना चालतो. -एफफायनाइट-मॅथ-ओन्ली मात्र कंपायलरला शपथेवर सांगतो की या प्रोग्राममध्ये नॅन ('हा आकडाच नाही' अशी खास किंमत) आणि अनंत कधी येणारच नाहीत. मग तुम्ही लिहिलेली इझनॅनची तपासणी कंपायलर 'कायम खोटी' समजून काढून टाकतो. सेन्सरकडून आलेला खराब आकडा गाळणारी ओळ सोर्समध्ये आहे आणि बायनरीत नाही, असं होतं. शोधत बसा मग.

आणखी एक भानगड फार उशिरा सुटली. जीसीसी १३ च्या आधी हा फ्लॅग लावून एखादी शेअर्ड लायब्ररी लिंक केली, तर ती लोड होताना त्या थ्रेडपुरता प्रोसेसरचा मोडच बदलायची: अतिसूक्ष्म आकडे थेट शून्य धरा, असा. म्हणजे फास्ट-मॅथ लावला तुमच्या प्लगइनने आणि उत्तरं बदलली होस्ट प्रोग्रामची. १३ पासून शेअर्ड लायब्ररीसाठी हे बंद झालं.

-ओफास्ट म्हणजे -ओ३ आणि फास्ट-मॅथ एकत्र. क्लँग १९ ने त्याला कालबाह्य ठरवलं, कारण 'ओ' च्या मालिकेतला पुढचा नंबर समजून लोक तो डोळे मिटून लावत होते. हिशोब, सिम्युलेशन, विज्ञान यांत नको. ऑडिओ-ग्राफिक्समध्ये चालेल, पण गाठोडं सोडून हवा तोच फ्लॅग घ्या.

फास्ट-मॅथ नाही लावलं. फक्त -मार्च बदललं, तरी उत्तरांचे शेवटचे अंक बदलले. असं कसं?

एफएमएमुळे. व्ही३ पासून गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतात आणि मधला गुणाकार राउंड न होता पूर्ण अचूकतेने पुढे जातो. एका राउंडिंगची गच्छंती होते. जीसीसी हे आपणहून करतं, त्याला फास्ट-मॅथ लागत नाही.

प्रत्यक्ष बघा. एका फंक्शनला एक्स आणि वाय असे दोन डबल आकडे द्या आणि ते एक्स*एक्स - वाय*वाय परत करू दे. दोन्हींची किंमत ०.१ द्या. मूळ एक्स८६-६४ वर दोन्ही गुणाकार सारखेच राउंड होतात आणि वजाबाकी बरोब्बर शून्य येते. -मार्च=हॅसवेल लावल्यावर एक गुणाकार राउंड झालेला आणि दुसरा न झालेला, त्यामुळे उत्तर सुमारे ८.३×१०⁻¹⁹ येतं. कंपायलर कोणता गुणाकार जोडतो त्यावर ते धन येईल की ऋण ते ठरतं. ऋण आलं आणि पुढच्या ओळीत वर्गमूळ असलं, तर नॅन.

आकडा म्हणून हे नगण्य आहे, बहुतेक वेळा एफएमएचं उत्तर जास्त अचूकही असतं. पण जुन्या रनशी बिट-न्-बिट जुळायलाच हवं असेल तर -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ लावा. टेस्टमध्ये दोन डबल आकड्यांची थेट बरोबरी तपासत असाल तर ती टेस्ट मुळातच कच्ची आहे.

मग नेटिव्ह लावून किती टक्के वेग वाढतो?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मॅट्रिक्स, इमेज प्रोसेसिंग, हॅशिंग असला स्वतः लिहिलेला साधा सी कोड असेल तर वेग दुप्पटही होऊ शकतो, कारण एसएसई२ मध्ये एका वेळी ४ फ्लोट जातात आणि एव्हीएक्स२ मध्ये ८. ब्राउझर, एडिटर, शेल यांत घड्याळ लावूनही कळणार नाही.

याला एक कारण असंही आहे की जिथे फरक पडला असता तिथे लायब्ररीवाल्यांनी आधीच काम करून ठेवलंय. ग्लिबसीचं मेमकॉपी, ओपनब्लास, नमपाय, एफएफएमपेग, एव्ही१ व्हिडिओ उलगडणारं डेव्हिड: हे सगळे चालू होताना प्रोसेसर ओळखतात आणि योग्य आवृत्ती निवडतात. वितरणातून आलेलं साधं पॅकेजही तुमच्या मशीनवर एव्हीएक्स२ वापरत असतं. एफएफएमपेग स्वतः नेटिव्ह लावून बिल्ड केल्याने व्हिडिओ झपाट्याने कन्व्हर्ट होईल ही आशा म्हणूनच फोल ठरते. जड काम हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहे आणि तिला तुमचे फ्लॅग लागूच होत नाहीत.

एव्हीएक्स-५१२ वापरावं का?

प्रोसेसरवर अवलंबून, आणि इथे इंटेलने बराच घोळ घातला आहे. २०२१ च्या अल्डर लेकमध्ये मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ होतं, छोट्या कोअरमध्ये नव्हतं. एकच प्रोग्राम कधीही या कोअरवरून त्या कोअरवर जाऊ शकतो, म्हणून शेवटी ते बंदच करावं लागलं. त्यामुळे कितीतरी नवे इंटेल डेस्कटॉप व्ही३ वर आहेत, आणि २०२२ चा एएमडी झेन ४ व्ही४ वर.

स्कायलेकच्या काळातले झिऑन (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर) जड ५१२ बिट कामात क्लॉक बराच खाली आणत. म्हणून जीसीसी त्या ट्यूनिंगमध्ये एव्हीएक्स-५१२ चालू असूनही २५६ बिटांची रजिस्टरच पसंत करतं. ते बदलायचं असेल तर -एमप्रिफर-व्हेक्टर-विड्थ=५१२ आहे, पण मोजल्याशिवाय लावू नका.

क्लाउड, व्हर्च्युअल मशीन, डॉकर, क्लस्टर. इथे नेटिव्ह चालेल का?

सहसा नको.

व्हर्च्युअल मशीनमध्ये सीपीयूआयडीचं उत्तर प्रोसेसर देत नाही, हायपरव्हायझर, म्हणजे ती मशीन चालवणारा प्रोग्राम, देतो. त्यातल्या क्यूएमयूला सीपीयू मॉडेल सांगितलं नसेल तर खाली नवाकोरा सर्व्हर असूनही आतल्या मशीनला फारच साधा प्रोसेसर दिसतो आणि नेटिव्हला काही मिळतच नाही. 'होस्ट' मॉडेल दिलं की सगळं दिसतं, पण मग ती व्हीएम जुन्या सर्व्हरवर लाइव्ह हलवता येईलच असं नाही.

डॉकरमध्ये तर रोजचा अपघात. सीआयचा (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेचा) बिल्ड एव्हीएक्स-५१२ असलेल्या सर्व्हरवर पडला, डॉकरफाइलमध्ये कुठल्याशा मेकफाइलने नेटिव्ह लावलेलं, आणि इमेज उतरली डेव्हलपरच्या लॅपटॉपवर. कंटेनर चालू होताच १३२. पुढच्या वेळी सीआयला वेगळा सर्व्हर मिळतो आणि तोच कमिट व्यवस्थित चालतो, त्यामुळे सगळे नेटवर्कला शिव्या देत बसतात. इमेजमध्ये पातळी स्पष्ट लिहा: व्ही२ किंवा व्ही३.

क्लस्टरवर लॉगिन नोड आणि कंप्युट नोड एकाच पिढीचे असतीलच असं नाही. बिल्ड लॉगिन नोडवर करायची सवय असेल तर आधी कंप्युट नोडवर एक इंटरॅक्टिव्ह जॉब घेऊन तिथे एलएससीपीयू चालवा. पुण्यातल्या आयआयटीएमच्या (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) सुपरकॉम्प्युटरचंच उदाहरण घ्या. २०१८ चा 'प्रत्युष' हा क्रेचा, इंटेल ब्रॉडवेल झिऑनवरचा. २०२४ चा 'अर्का' एएमडी एपिकवरचा. पातळी दोन्हीकडे व्ही३, म्हणजे -मार्च=एक्स८६-६४-व्ही३ ची बायनरी इन्स्ट्रक्शनच्या दृष्टीने दोन्हीकडे चालायला हरकत नाही, पण ट्यूनिंग वेगळं हवं. इंटेलच्या कंपायलरचे -एक्स ने सुरू होणारे फ्लॅग, जसं -एक्सकोअर-एव्हीएक्स२, हे खास इंटेलसाठी असतात. प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर तपासला जातो आणि एएमडीवर तो एरर देऊन थांबतो, एव्हीएक्स२ असलं तरी. असे फ्लॅग जुन्या मेकफाइलमधून नव्या मशीनवर तसेच येतात. तिथे -मार्च=कोअर-एव्हीएक्स२ वापरा.

डिस्टसीसी (कंपाइलचं काम अनेक मशीनना वाटणारं साधन) वापरत असाल तर नेटिव्ह लावलेल्या फाइली तो दुसऱ्या मशीनला पाठवतच नाही, सगळं तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं. नेटिव्ह उलगडून आलेले फ्लॅग स्पष्ट लिहिलेत की काम पुन्हा वाटलं जातं.

एकच बायनरी जुन्या मशीनवरही चालावी आणि नव्यावर वेगही मिळावा. जमेल?

जमेल. जीसीसी ६ पासून फंक्शनच्या आधी __ॲट्रिब्यूट__((टार्गेट_क्लोन्स("एव्हीएक्स२","डीफॉल्ट"))) लिहिलं की कंपायलर त्या फंक्शनच्या दोन प्रती बनवतो आणि प्रोग्राम लोड होताना योग्य ती जोडली जाते. यासाठी आयफंक, म्हणजे लोड होताना फंक्शनची प्रत निवडायची सोय, लागतं. ग्लिबसीवर ते आहे. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर, म्हणजे अल्पाइन लिनक्सवर, नाही. आख्खी लायब्ररीच दोन आवृत्त्यांत द्यायची तर ग्लिबसी २.३३ पासून ग्लिबसी-एचडब्ल्यूकॅप्स या फोल्डरची सोय आहे: आत एक्स८६-६४-व्ही३ नावाच्या फोल्डरमध्ये वेगवान .एसओ ठेवा, लोडर आपणहून निवडतो.

हाताने करणारे लोक एक फाइल -एमएव्हीएक्स२ ने कंपाइल करतात, बाकी साध्या फ्लॅगने, आणि __बिल्टइन_सीपीयू_सपोर्ट्स तपासून ते फंक्शन बोलावतात. सी++ मध्ये इथे एक सापळा आहे, आणि तो चांगल्या चांगल्यांना सापडत नाही. त्या एव्हीएक्स२ फाइलीत एसटीडी::व्हेक्टर वापरलं, तर व्हेक्टरची टेम्प्लेट फंक्शनही एव्हीएक्स२ मध्ये कंपाइल होतात. तीच फंक्शन दुसऱ्या फाइलीत साध्या आवृत्तीत आहेत. लिंकर दोन्ही एकच समजून एक ठेवतो, एक फेकतो. एव्हीएक्स२ वाली राहिली, तर जुन्या मशीनवर तुमची तपासणी जिथे पोहोचलीही नाही तिथे प्रोग्राम पडतो. त्या फाइलीत कच्चे पॉइंटर आणि स्टॅटिक फंक्शन एवढंच ठेवा.

आयगेन ही मॅट्रिक्सची सी++ लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी जोडीला: अर्धा प्रोजेक्ट नेटिव्ह आणि अर्धा साधा असं कधीही करू नका. एव्हीएक्स असलं की आयगेन मेमरी ३२ बाइटवर अलाइन धरतं, नसलं की १६ वर. दोन तुकड्यांचं एकमेकांत जमत नाही आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी होतो.

रास्पबेरी पाय किंवा ॲपलच्या एम मालिकेसाठी?

एआरएमवर -एमसीपीयू वापरा. तो आर्किटेक्चर आणि ट्यूनिंग दोन्ही ठरवतो. पाय ३ ला कॉर्टेक्स-ए५३, पाय ४ ला कॉर्टेक्स-ए७२, पाय ५ ला कॉर्टेक्स-ए७६. पाय ४ मध्ये एईएसच्या हार्डवेअर इन्स्ट्रक्शन नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. एन्क्रिप्शनमधला मोठा फरक त्यामुळे दिसतो, त्याचं श्रेय फ्लॅगला देऊ नका. मॅकवर क्लँगला -एमसीपीयू=ॲपल-एम१ चालतं. पीसीवर बसून पायसाठी क्रॉस-कंपाइल करत असाल तर नेटिव्ह विसरा, नावच लिहा.

जेंटू (पॅकेजं स्वतः कंपाइल करायचं लिनक्स) वापरतो. मेक.कॉन्फमध्ये काय ठेवू? कर्नलसाठी वेगळं काही?

कॉमन_फ्लॅग्स मध्ये -ओ२ -मार्च=नेटिव्ह -पाइप. -पाइपने कोड बदलत नाही, फक्त कंपाइल होताना तात्पुरत्या फाइली टळतात. सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्स चालवून सीपीयू_फ्लॅग्स_एक्स८६ भरा; काही पॅकेजना ते -मार्चपेक्षा जास्त उपयोगी पडतं. डिस्क काढून जुन्या मशीनमध्ये लावायची असेल तर आधी, नवी मशीन हाताशी असतानाच, पातळी खाली आणून सगळं पुन्हा बिल्ड करा. नंतर कराल म्हटलं तर बॅशच चालणार नाही. डिसेंबर २०२३ पासून जेंटूची अधिकृत बायनरी पॅकेजही आहेत, व्ही३ ची वेगळी.

कर्नलमध्ये ६.१६ पासून एक्स८६_नेटिव्ह_सीपीयू हा पर्याय आहे. फार अपेक्षा ठेवू नका: कर्नलच्या सर्वसाधारण कोडमध्ये एसएसई-एव्हीएक्स मुद्दाम बंद असतं, त्यामुळे व्हेक्टरायझेशनचा फायदा तिथे मिळत नाही.

सगळे फ्लॅग लावले, तरी प्रोग्राम भयंकर हळू आहे.

सीमेक हे बिल्डचं साधन वापरताय? सीमेक_बिल्ड_टाइप रिकामा असेल तर ऑप्टिमायझेशनचा एकही फ्लॅग लागत नाही, म्हणजे -ओ०. 'रिलीज' दिलं की -ओ३ लागतो, 'रेलविथडेबइन्फो' दिलं की -ओ२. मेसॉन या तशाच साधनाचा मूळ मोडही डीबगच आहे. मेक व्हर्बोज=१ चालवून प्रत्यक्ष कमांड डोळ्यांनी बघा. "अमुक भाषेपेक्षा सी++ हळू" असं सांगत आलेल्यांपैकी कितीजण इथेच अडकलेले असतात.

नेटवर -एफअनरोल-लूप्स, -एफओमिट-फ्रेम-पॉइंटर अशी लांब माळ मिळाली. घेऊ का?

नको. -एफओमिट-फ्रेम-पॉइंटर जीसीसीत -ओ१ पासून चालूच असतो. उलट फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ ने प्रोफाइलिंग सोपं व्हावं म्हणून तो मुद्दाम बंद केला. -एफअनरोल-लूप्स -ओ३ मध्येही नाही, कारण सरसकट लावला तर कोड फुगतो. त्या माळेतले बरेच मणी पेंटियम ४ च्या काळातले आहेत.

खरोखर काही हवं असेल तर -एफएलटीओ, म्हणजे फाइलींच्या सीमा ओलांडून ऑप्टिमायझेशन, आणि त्याहून सरस पीजीओ: -एफप्रोफाइल-जनरेट ने बिल्ड करा, नेहमीचं काम त्यावर चालवा, मग -एफप्रोफाइल-यूज ने पुन्हा बिल्ड करा. कोणता फाटा वारंवार घेतला जातो ते कंपायलरला अंदाजाने नव्हे, नोंदीवरून कळतं. सीपायथनचं --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स हेच करतं. फाटे फुटणाऱ्या कोडला -मार्चपेक्षा याने कितीतरी जास्त मिळतं, आणि बायनरी कुठेही चालते.

मोजू कसं?

हायपरफाइन या वेळ मोजणाऱ्या साधनाने दोन्ही बायनरी पुन्हा पुन्हा चालवा आणि सरासरीसोबत पसाराही बघा. दोन टक्के फरक आणि तीन टक्के पसारा, म्हणजे फरक नाही. लॅपटॉप चार्जरला जोडा, गव्हर्नर 'परफॉर्मन्स' वर ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी नागपुरात पंख्याखाली घेतलेला आकडा आणि एसीत घेतलेला आकडा यांची तुलना करू नका. तापलेला लॅपटॉप क्लॉक खाली आणतो आणि दुसऱ्यांदा चालवलेली बायनरी विनाकारण हरते. म्हणून अ-ब-अ-ब असं आलटून पालटून चालवा. मग परफ स्टॅट लावा: इन्स्ट्रक्शन कमी झाल्या पण वेळ तेवढाच राहिला, तर अडचण मेमरीची आहे आणि तिथे कुठलाही फ्लॅग कामाचा नाही.

रस्ट आणि गो मध्ये हेच कसं करतात?

रस्टमध्ये -सी टार्गेट-सीपीयू=नेटिव्ह किंवा पातळीचं नाव. गो मध्ये १.१८ पासून गोएएमडी६४=व्ही३ असं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. गो ची एक गोष्ट मला आवडते: व्ही३ ची बायनरी जुन्या मशीनवर चालवली तर ती मधेच कोसळत नाही, सुरुवातीलाच 'हा प्रोग्राम व्ही३ प्रोसेसरवरच चालेल' अशा अर्थाचा संदेश छापून थांबते. सी मध्ये तसं हवं असेल तर मेनच्या सुरुवातीला __बिल्टइन_सीपीयू_सपोर्ट्स("एव्हीएक्स२") तपासा आणि संदेश तुम्हीच छापा. फक्त मेनची ती फाइल साध्या पातळीवर कंपाइल करा, नाहीतर संदेश छापायच्या आधीच प्रोग्राम पडायचा.